मागून येतेच

माहेरी येऊन स्नेहलला आठ दिवस झाले होते आणि धनश्रीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. एरवी शेवगावच्या स्टँडवर उतरली, की पिशव्या आईच्या हवाली करून ती आधी धनश्रीकडे पळायची. या खेपेला मात्र तिला रोज काहीतरी आडवं येत होतं. एक दिवस ऊन फार होतं, एक दिवस कुरडया घालायच्या होत्या, एक दिवस डोकं दुखत होतं, आणि ते डोकं संध्याकाळी भेळ आल्यावर बरोबर थांबलं. शेवटी आईनंच विचारलं, "काय गं, धनीशी भांडलीस का काय?"

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणात दोघींचा वाटा असतो. इथे सगळा वाटा स्नेहलचा एकटीचा होता.

नववीत शाळेची सहल कोकणात गेली, तेव्हा या दोघींनाच घरून परवानगी मिळाली नव्हती. रिकाम्या वर्गात बसून दोघींनी शपथ घेतली होती, की समुद्रात पाय घालायचा तर दोघींनी एकदमच. पुढे स्नेहलचं लग्न रत्नागिरीला नोकरी असलेल्या मुलाशी झालं आणि समुद्र तिच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आला. नवऱ्याबरोबर ती पहिल्याच रविवारी जाऊन आली. फोनवर धनश्रीला म्हणाली, "ते काही धरायचं नाही. तू आलीस की खरं." धनश्रीचं येणं पाच वर्षं लांबलं. मधेच उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून तिचा नवरा वैजनाथ गेला. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

या जानेवारीत ती आली. बाजरीचं पीठ, तिळाची चटणी आणि स्नेहलच्या काळ्या साडीवरचं ब्लाऊज घेऊन आली. शेवगावात तिचं शिवणाचं दुकान होतं. स्नेहलचं माप तिला वहीत बघावं लागत नसे. त्या शनिवारी स्नेहलकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, कॉलनीतल्या पंचवीस बायका येणार होत्या. समुद्रावर दोघींनी रविवारी जायचं असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळपासून धनश्री स्वयंपाकघरात होती. तीळ तिनं भाजले, गुळाचा पाक तिनं केला, चटके सोसत शंभर लाडू तिनंच वळले. "तुला काय येतंय? तू आपली गॅस बारीक कर," असं वर ऐकवलंही. तिच्या कपाळावर बारीक मरून टिकली होती. ती हसत होती आणि स्नेहल तिच्या टिकलीकडे बघत होती.

बायका आल्यावर काय करायचं, हे स्नेहलच्या मनात दोन दिवस घोळत होतं. हिला कुंकू लावायचं, तर बायका काय म्हणतील? न लावता पुढे जायचं, तर हिला काय वाटेल? कोणी काही म्हटलं नव्हतं. सासू गावाकडे होती, नवरा असल्या भानगडीत पडत नसे. भीती सगळी स्नेहलची स्वतःची होती. शिकलेल्या माणसाची भीती मोठी लबाड असते, ती दुसऱ्याच्या भल्याचं सोंग घेऊन येते.

तीन वाजता ती म्हणाली, "धने, तू इथं बायकांत कंटाळशील. त्यापेक्षा भाट्याला जा. या वेळेला समुद्र फार छान दिसतो. हे आटपलं, की मी मागून येतेच."

धनश्रीनं हातातला लाडू ताटात ठेवला. तिला कळलं. एका क्षणात कळलं आणि तिला कळलेलं स्नेहललाही कळलं.

"व्हय," ती म्हणाली, "जाते की."

तिनं हात धुतले, साडी बदलली आणि गेली.

मग बायका आल्या. लाडवांचं कौतुक झालं, ब्लाऊजचं तर फारच झालं. कोणीतरी पाठीवरची नक्षी बघत विचारलं, "कोणाकडून शिवलंत हो?"

"गावाकडे एक बाई आहे," स्नेहल म्हणाली.

एक बाई! मैत्रीण म्हटलं असतं, तर ती कुठेय हा प्रश्न आला असता, म्हणून तिनं तेही गिळलं. शेवटची बाई सात वाजता गेली. मागून जायचं राहिलंच. अंधार पडल्यावर धनश्री परत आली. साडीचा काठ ओला, पायाला वाळू. "लई मोठा हाय गं," एवढंच म्हणाली आणि खरकटी भांडी घासायला बसली. रविवारी दोघींनी जायचं होतं, पण ती म्हणाली, "आता बघितला की," आणि सकाळच्या बसनं निघाली. निघताना स्नेहलनं तिला दोन नारळ दिले. ओटीत नाही, पिशवीत. खोबऱ्याला होतील म्हणून.

नवव्या दिवशी मात्र तिचं तिलाच राहवेना. 'जाऊन सरळ माफी मागायची, मैत्री राहिली तर राहिली,' असं घोकत ती धनश्रीच्या दारात उभी राहिली.

शिवणयंत्र थांबलं. "ये की," धनश्री म्हणाली. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पंखा स्नेहलकडे वळवला. कुठे रुसवा दिसेना. स्नेहलनं माफीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून धनश्रीची सासू लंकाबाई आली आणि स्नेहलच्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं कडाकडा मोडली.

"लई उपकार केलं बाई तू," लंकाबाई म्हणाली. "माझी पोरगी तीन वर्सं ह्या मशिनीच्या म्होरं बसून हुती. तू तिला समुंदर दावला. सांगत हुती, दोघी हातात हात घालून पान्यात गेलो म्हनून. आनि तुज्या हळदीकुकवाला हिनं केल्याले लाडू बायांनी मागून मागून खाल्ले म्हनं."

स्नेहलनं धनश्रीकडे बघितलं. धनश्री सुईत दोरा ओवत होती. एवढी बारीक सुई नव्हती ती, पण दोरा जात नव्हता.

आता खरं बोलायचं, तर ह्या म्हातारीचा आनंद मोडायचा. गप्प बसायचं, तर खोट्याचं श्रेय घ्यायचं. ती गप्प बसली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. ती उठली, तशी लंकाबाई म्हणाली, "धने, माहेरवाशीन हाय, रिकामी धाडू नगं. वटी भर तिची."

धनश्रीनं ताटात गहू घेतले, नारळ ठेवला, हळदीकुंकवाचा करंडा ठेवला आणि ताट सासूपुढे धरलं. "तुमीच भरा, आत्या."

"का गं? आल्यागेल्या बायांची तूच भरती की. म्या कवा न्हाई म्हनले? माजा ल्योक गेला, तुजा हात न्हाई गेला."

"तसं न्हवं, आत्या. हिच्याकडं चालत न्हाई."

पाहुण्याला लसूण चालत नाही हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती बोलली. टोमणा असता, तर स्नेहलनं तो सोसला असता. पण हा टोमणा नव्हता, ही काळजी होती.

"काकू," स्नेहल म्हणाली, "मी हिच्याबरोबर समुद्रावर गेलेच नाही. त्या दिवशी बाया येणार म्हणून मी हिला घराबाहेर काढलं हुतं. एकटीला. मागून येते म्हणाले नि गेले नाही."

लंकाबाईनं सुनेकडे बघितलं, स्नेहलकडे बघितलं, आणि ती ताटाला हात न लावता आत निघून गेली.

"कशाला सांगितलं त्यांला?" धनश्री म्हणाली. "चार दिस खूश हुत्या."

स्नेहलनं ओढणी दोन्ही हातांनी पसरली. "तूच भर. आणि मला पण तुला कुंकू लावू दे, धने."

धनश्रीनं तिला हळद लावली, कुंकू लावलं. गव्हाची ओंजळ ओढणीत टाकली.

"तुज्या हातचं आज नगं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लगेच गेले न्हवते, स्नेहल. खाली गेटपाशी उभी हुते, अर्धा तास. म्हनलं, आता हाक मारशील, मग मारशील. तुज्या बाया माज्या म्होरूनच वर गेल्या. एकीनं इचारलं बी, तुम्ही येत नाही का म्हनून."

"मग?"

"म्हनलं, मी हितली न्हवं."

दुसरी ओंजळ पडली. मग तिसरी, चौथी, पाचवी. वर नारळ ठेवताना धनश्रीनं गहू सांडू नयेत म्हणून ओढणीची टोकं स्नेहलच्या मुठीत नीट आवळून दिली. स्नेहलच्या डोळ्यांतून पाणी गव्हावर पडत होतं, आणि पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.