म्होरकीचा पाव

माझा जावई ह्यालती माझ्या मेंढीला पाव खाऊ घालतो. एकदा-दोनदा नव्हे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आठवड्यातले सहा दिवस, दुपारी बाराच्या ठोक्याला. मला हे कळलं थोरग्रीमुरकडून, आणि त्याने ते असं ओठ दाबून सांगितलं की मला वाटलं, मेंढीचं नव्हे, माझंच काहीतरी बाहेर आलंय.

"हालदोरा, तुझी फ्लेक्का वर डोंगरात पाहुण्यांच्या पंगतीला बसते म्हणे. उद्या काटा-चमचा मागेल."

थोरग्रीमुर आमचा शेजारी. आमच्या खोऱ्याचा डोंगरराजाही तोच, म्हणजे सप्टेंबरात सगळ्यांच्या मेंढ्या वरून खाली आणायच्या त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. एरवी त्याचा शब्द त्याची बायकोसुद्धा मोजत नाही. माझ्या कुरणावर त्याचा वीस वर्षांपासून डोळा आहे. त्या दिवशी मी त्याला कॉफीसुद्धा अर्धाच कप दिली.

फ्लेक्का साधी मेंढी नाही. म्होरकी आहे. आई म्होरकी, आजी म्होरकी. वादळ यायच्या आधी हिला कळतं, धुक्यात हिला वाट दिसते, आणि ही निघाली की मागे तीनशे मेंढ्या मुकाट्याने निघतात. माझा नवरा आउस्मुन्दुर म्हणायचा, "अंगावर मांस कमी, लोकर कमी, डोकं तेवढं भरपूर. अगदी तुझ्यासारखी." हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं, असं मी मरेपर्यंत धरून चालणार आहे. अशा मेंढीला कुणी पाव चारतं? ती काय बदक आहे तळ्यातलं?

आउस्मुन्दुर जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर माझ्या मुलीने, सोलरूनने, जुन्या गोठ्याच्या पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या केल्या. जिथे गायी रवंथ करायच्या तिथे आता बदकाच्या पिसांच्या रजया आहेत, आणि पाहुणे सकाळी उठून म्हणतात, किती शांत झोप लागली. गायींनाही तिथे छान झोप लागायची, पण त्या कधी वहीत अभिप्राय लिहून गेल्या नाहीत.

ह्या पाहुण्यांचं मला अजून नीट कळलेलं नाही. दमायला येतात. घरी जिना चढायचा कंटाळा, आणि इथे लाव्ह्याच्या शेवाळलेल्या ढेकळांतून पाच-पाच तास चालतात. बुटांना लोखंडी दात बांधून हिमनदीवर चढतात, उतरतात, आणि वर काय होतं म्हणून विचारलं तर म्हणतात, बर्फ होता. मग ऊन पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं, माझं मटणाचं सूप दोनदा मागून घ्यायचं आणि नऊ वाजता रजईत. मी साठ वर्षं ह्याच डोंगरात दमले, कुणी मला कुंडात बसवलं नाही.

ह्यालती त्यांना हिंडवतो. रेक्याविक शहरातला आहे, दगडांचं शिक्षण घेतलेला. मी फिरत्या मास्तरांकडे चार हिवाळे शिकले, त्यातला एक पडसं-खोकल्यात गेला. तेव्हा दगडांबद्दल मी बोलत नाही. पण तो मात्र माणसं बसवून बसवून सांगतो, हा खडक नऊ हजार वर्षांचा, तो त्याहून जुना. एकदा मी म्हटलं, "झोपू दे की मग बिचाऱ्याला." तर पाहुण्यांबरोबर तोही हसला. हेच मला त्याचं आवडत नाही. टोमणा मारला तर माणसाने निदान दुखावलं जावं.

जूनमध्ये सोलरून माझ्यासमोर बसली. "आई, यंदा काय ते ठरव. शेत आमच्या नावावर करणार असशील तर आम्ही इथे राहतो, मेंढ्यांसकट. नाहीतर ह्यालतीला शहरात नोकरी बघावी लागेल."

"तो मेंढ्यांचं करणार? त्याला मेंढा आणि मेंढी ओळखू येते का?"

"शिंगं बघून."

"आपल्या मेंढ्यांनाही शिंगं असतात, बाई!"

मी सांगितलं, मेंढ्या खाली येतील त्या दिवशी ठरवीन. त्याच्या हातून काही होतंय असं दिसलं तर शेत तुमचं. नाहीतर कुरण थोरग्रीमुरला भाड्याने, आणि मी कुंडात बसते. हे थोरग्रीमुरच्याही कानावर गेलं. खोऱ्यात दुसरं करमणुकीचं साधन काय आहे?

आणि मग हे पावाचं प्रकरण. तो पाव माझाच. काळा पाव. ऊन झऱ्यामागे जमीन आतून तापलेली आहे, तिथे मळलेल्या पिठाचा डबा पुरायचा, वर दगड ठेवायचा, दुसऱ्या दिवशी उकरून काढायचा. माझ्या सासूची जागा, तिच्या सासूचा डबा. ह्यालती रोज सकाळी त्याचे तुकडे खिशात कोंबून न्यायचा, मला वाटायचं पाहुण्यांसाठी. नदीपलीकडे एक बसका खडक आहे, तिथे त्यांचं जेवण व्हायचं, आणि माझी म्होरकी डोंगर सोडून त्या वेळेला तिथे हजर.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हालदोरा, पहिल्या दिवशी ती आपणहून आली. मी एक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी ती आधीच येऊन बसली होती. माझ्याकडे असं बघत होती की..."

"की काय?"

"की तुझीच आठवण झाली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

सोलरून भांडी घासता घासता हसली. मी नाही हसले.

"म्होरकीचं काम पुढे चालायचं, सोन्या. थांबून खायचं नाही. एकदा थांबायची सवय लागली की ती कळपाची राहत नाही, पाहुण्यांची होते."

"आता बंद केलं तर रागावेल."

"रागावू दे. मी आहे ना तिच्या वळणाची, मला विचार. राग दोन दिवसांत जातो."

हे खोटं होतं. माझा जात नाही.

मेंढ्या खाली आणायचा दिवस आला. ह्यालतीने विचारलं होतं, शेवटच्या तुकडीतले आठ पाहुणे हाकाऱ्यांच्या रांगेत चालले तर चालतील का? थोरग्रीमुर म्हणाला, चालू देत, मेंढ्यांना तरी हसायला मिळेल. पाहुण्यांत मार्जोरी नावाची कॅनडाची निवृत्त मास्तरीण होती, माझ्याच वयाची. ती चालता चालता पायमोजा विणायची. तिच्याबद्दल माझं मत बरं होतं.

त्या पहाटे सगळे बूट बांधत असताना खुंटीवर ह्यालतीचा कोट लटकत होता. खिसे फुगलेले. मी इकडे-तिकडे पाहिलं, आणि खिशातले पावाचे तुकडे काढून घेतले, सगळे. आज खोरं बघणार होतं. आज तरी माझी मेंढी मेंढीसारखी वागेल, असा माझा हिशेब.

मी अडुसष्टाव्या वर्षापर्यंत घोड्यावरून वर जायचे. आता गुडघा नाही म्हणतो, म्हणून अलीकडच्या काठावर सोलरूनबरोबर कॉफीची किटली, लोणी आणि लोकरी कापडात गुंडाळलेला गरम पाव घेऊन थांबते. नदी हिमनदीच्या पोटातून येते, दुधाळ राखाडी, आणि वर पाऊस झाला की तासाभरात वितीने चढते. त्या दिवशी सकाळपासून वर पाऊस होता. मग गारठा वाढला आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली. काठावरच्या माझ्या दगडाला पाणी लागायला लागलं तेव्हा पलीकडून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं आणि धुक्यातून कळप उतरला. पुढे फ्लेक्का, मान ताठ, जशी तिची आई यायची तशी. माझी छाती कोटात मावेना.

आणि बसक्या खडकापाशी ती थांबली.

तीनशे मेंढ्या थांबल्या. एक तिच्या अंगावर आदळली, तिच्याकडे तिने एकदाच रोखून पाहिलं. मग खडकाजवळ गेली आणि वाट बघत उभी राहिली. घड्याळ बघायची मला गरज पडली नाही.

"हिला काय झालं?" थोरग्रीमुर घोड्यावरून ओरडला. कुत्रे सोडले. फ्लेक्काने पहिल्याला शिंग दाखवलं, दुसरा आपणहूनच मागे फिरला. दोन गड्यांनी बाजूच्या मेंढ्या पाण्यात ढकलून पाहिल्या, त्या वळसा घालून परत तिच्या मागे येऊन उभ्या. म्होरकी पुढे नाही तर आमच्या मेंढ्या पाण्यात पाय घालत नाहीत. आणि पाणी चढत होतं. एके वर्षी कळप असाच पलीकडे अडकला होता. सकाळपर्यंत चाळीस कोकरं गारठून गेली. 

ह्यालती मागून धावत आला. त्याने एका खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला. मग आतल्या खिशात. मग नदीपलीकडे माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

त्याने पाहुण्यांना खडकावर रांगेत बसवलं. "डबे उघडा! रोजच्यासारखे बसा!" बर्फ पडतोय, वर डोंगरराजा घोड्यावरून शिव्या देतोय, आणि आठ माणसं मांडीवर डबे घेऊन शहाण्यासारखी बसलीत. मार्जोरीने आपला पाव फ्लेक्कापुढे धरला. दुकानातला पांढरा पाव, आत धुरावलेलं मेंढीचं मांस. ते डबे मीच भरले होते. फ्लेक्काने वास घेतला आणि अशी तोंड फिरवून उभी राहिली की मार्जोरीने तिची माफी मागितली.

"हे कुणी शिकवलं हिला?" थोरग्रीमुर गरजला. "आज तर तुझ्याकडे तोही पाव नाही! निदान तो तरी आणायचा, येड्या!"

आता तो सांगणार, मी मनात म्हटलं. सांगितलंच असतं कुणीही. सासूने खिसे रिकामे केले, हे एक वाक्य, आणि सगळं खोरं वर्षभर पोट धरून हसलं असतं.

"मी शिकवलं," ह्यालती म्हणाला. "आणि आणायला मीच विसरलो." मग दोन्ही हात तोंडाशी धरून तो माझ्याकडे ओरडला, "हालदोरा! तुझ्याकडे आहे का थोडा?"

आहे का! मांडीवर आख्खा डबाभर होता, कापडातून वाफ येत होती. वारा समुद्राकडून वर वाहत होता. काय करायला पाहिजे ते मला कळलं होतं. फक्त उठणं जड जात होतं, आणि ते गुडघ्यामुळे नव्हे.

उठले. पाण्याच्या कडेला गेले. पाव मोडला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मेंढ्यांना बोलवायची हाक दिली, "किब्बा! किब्बा, किब्बा!" सबंध खोऱ्यासमोर. माझ्या म्होरकीला पावासाठी बोलावणारी मी, आउस्मुन्दुरची बायको. मागे कुणीतरी खुसखुसलं. कोण ते मला माहीत आहे.

फ्लेक्काने मान वळवली. नाक वर केलं. क्षणभर माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, आत्ता सुचलं होय? मग पाण्यात उतरली. पाणी छातीला लागलं, पाठीला लागलं, ती तिरकी होऊन पोहली, आणि तिच्या मागे सगळी लोकर एका दोरीत ओवल्यासारखी नदीत आली. कोकरं मोठ्या मेंढ्यांच्या आडोशाने. ह्यालती कमरेएवढ्या पाण्यात खालच्या बाजूला उभा राहिला आणि वाहून चाललेलं प्रत्येक कोकरू वर ढकलत राहिला. चष्मा नदीत गेला तरी हलला नाही. नर कोण, मादी कोण, त्याला तेव्हाही कळत नसणार. ढकलत मात्र सगळ्यांना होता.

सगळी आली. एकूण एक. मागून गड्यांनी पाहुण्यांना घोड्यांवर बसवून अलीकडे आणलं.

फ्लेक्काने आधी माझ्या हातातला पाव खाल्ला आणि मगच अंग झटकलं, त्यामुळे निम्मी नदी माझ्या कोटावर. ह्यालती काठावर आला, ओठ निळे, डोळे बारीक करून मला शोधत. सोलरून त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकत होती. थोरग्रीमुर घोड्यावरून उतरला आणि त्याने सगळ्यांदेखत हसत विचारलं, "मग हालदोरा, ठरलं का? हा विसराळू जावई, की माझं भाडं?"

गडी जवळ सरकले. मार्जोरीची सुई थांबली. मी किटलीतली कॉफी कपात काठोकाठ ओतली आणि ह्यालतीच्या हातात दिली.

"ऐक, ह्यालती," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेंढ्यांतलं तुला ओ की ठो कळत नाही. माझी म्होरकी तू वाया घालवलीस, आणि तुझ्या खिशातला पाव आज सकाळी मीच काढून घेतला. तू काही विसरला नव्हतास. आता हसायचं त्यांनी मला हसावं. शेत तुमचं. आणि उद्यापासून फ्लेक्काचा तुकडा मी स्वतः कापून देणार, पातळ, कारण तू फार जाड कापतोस."