हळदीच्या वाती

काचेच्या नळीच्या पोटात तांदळाचे दाणे खुळखुळत होते, पण तो डाग काही हलत नव्हता — काळपट, गुळाच्या पाकासारखा चिकट. इंदूने चिमूटभर जाडं मीठ आणखी टाकलं, टोकाशी अंगठा दाबला आणि पुन्हा हलवलं. तेलाच्या बाटल्या ती अशाच धुवायची, आणि गेले काही महिने मुलाचा, सौमित्रचा, हा ओढायचा पाइपही. सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या धुळीने नाक चोंदतं, वैद्यांनी औषधी धूर घ्यायला सांगितलाय, असं तो म्हणाला होता. आजही कामावर जाताना मोरीपाशी ठेवून गेला — "मम्मी, साफ कर देना ना." आणि ही शहाणी! हळद, ओवा, तूप कालवून तिने त्याच्यासाठी पाइपात जाळायच्या वाती वळल्या, सावलीत वाळवल्या, डबा भरून त्याच्या खोलीत नेऊन ठेवला. नणंदेला फोनवर कौतुकही सांगून झालं, पोट्टा आता स्वतःहून औषधपाणी करतो म्हणून.

सकाळी नरहर शिंकत उठले नसते तर ती उद्याही हेच कौतुक सांगत बसली असती. नवऱ्यासाठी म्हणून तिने त्या डब्यातली एक वात आणली, पणतीत जाळून त्यांना धूर दिला. मागे उरली ती हलकी राख, फुंकरीने उडून जाणारी. चिकट काहीच नाही. मनात पाल चुकचुकली. ती परत डब्यापाशी गेली... वाती तिने रचल्या होत्या तशाच होत्या, एकावर एक आडव्या-उभ्या. कमी होती ती एकच, तिने नेलेली.

पुण्याहून त्याला आणलं तेव्हाही त्याच्या कपड्यांना या नळीला येणारा हाच वास होता. मग मी कसा नाही ओळखला? ओळखला असेल, ओव्याचा म्हणून स्वतःच्याच गळी उतरवला असेल... त्या दिवशी नरहर दारात आडवे उभे होते, या गांजेकसाला घरात घेणार नाही म्हणत, आणि ती मधे पडली होती. याची जबाबदारी माझी, पुन्हा झालं तर मीच त्याला बाहेर काढीन, असं तिनेच सांगितलं होतं. सौमित्र तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला होता. त्या रडण्याचाही आता भरवसा वाटेना. पाय घसरला असं तोंडावर सांगितलं असतं, तर ती रडली असती, पण त्याच्या बाजूने उभी राहिली असती. त्याने तिला खुशाल वाती वळू दिल्या, तिच्याच हातून ही घाण धुऊन घेतली, याचा तिला संताप आला होता. तरी हात सवयीने धुतच होते.

तिने पाइपात कढत पाणी ओतलं. डाग सुटला, पाणी चहासारखं होऊन मोरीत गेलं. काच लख्ख झाली — आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, नरहरना दाखवायला आता काहीच उरलेलं नाही.

"काहून इतका वेळ लावून राहिली तू?" बाहेरून नरहरनी विचारलं. "काय धुऊन राहिली?"

"सौमित्रचा औषधाचा पाइप," ती म्हणाली. "आराम आहे पोट्ट्याले त्यानं."

आवाज जराही अडखळला नाही. सौमित्रचा असाच सहज, नितळ आवाज ती कित्येक महिने जेवताना समोरून ऐकत आली होती... ओला पाइप हातात धरून ती तशीच उभी राहिली. मघाचा संताप कुणावर होता, ते आता तिला नीट सांगता येईना.