लॉर्नाने भरलेला फॉर्म

लॉर्ना कुबिचेकला राग येतच नाही, असं ड्रेसेल गावात सगळे धरून चालले होते. राग तिलाही यायचा, पण आयोवातल्या त्या नऊ हजार वस्तीच्या गावात रागावलेलं माणूस मुकाट घरी जातं, बटाट्याचं कॅसरोल भाजतं आणि ज्याच्यावर रागावलंय त्याच्याच दारात नेऊन ठेवतं. वडिलांच्या मागे तेवीस वर्षं तिने त्यांचं वर्कशॉप याच रीतीने चालवलं होतं. अकरा माणसं, कापणीयंत्रांची दातेरी चाकं बनवायचं काम, आणि त्या अकरांत वेंडेल ऑस्टबी, ज्याच्यावाचून मोठ्या मशीनला कुणी हात लावत नसे.

बुधवारी सकाळी हाच वेंडेल टोपी हातात घेऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

"सोमवारपासून मी तिकडे जातोय, लॉर्ना. डस्टिन, रोझलिन आणि थोरला मॅककीही येतायत."

तिकडे म्हणजे गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात. शुक्रवारी त्याची फीत कापायची होती.

"चौघंही? अरे, कापणी दीड महिन्यावर आलीय. तुम्ही चौघं गेलात तर मी चाकं कुणाकडून करून घेऊ? कुलूप लावावं लागेल मला."

"ठाऊक आहे गं." वेंडेलची नजर जमिनीवर होती. "पण जॅनिसच्या किडनीचं औषध त्यांच्या विम्यात बसतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांचा भरतीचा माणूस म्हणाला, बायकोच्या औषधाची काळजी सोडा. डस्टिनला म्हणाले, तुला दिवसपाळीच देऊ, म्हणजे पोरींना शाळेतून आणता येईल. लॉर्ना, जॅनिसचं मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं."

तो गेला. दीड वर्षापूर्वी भरलेला एक फॉर्म लॉर्नाला आठवला.

तेव्हा या कारखान्याला नावसुद्धा नव्हतं. गावच्या विकास मंडळाचा कर्ट हेगमन त्याला नुसतं 'कार्डिनल' म्हणायचा. कंपनी कुठली, कुणाची, विचारायची सोय नव्हती. गुप्ततेच्या कागदावर सह्या झालेल्या. गावच्या कौन्सिलने न पाहिलेल्या, न ऐकलेल्या त्या पाहुण्याला पंधरा वर्षं कर माफ केला, आणि एकाही शहाण्याने हात वर करून विचारलं नाही की बाबा, तू आहेस तरी कोण. पाहुण्याला असं विचारणं बरं दिसत नाही ना! मग कर्टने सगळ्या दुकानदारांना, कारखानदारांना फॉर्म वाटले. गावात कसबी माणसं किती, त्यांना काय येतं, त्यांना काय हवं असतं. बाकीच्यांनी दोन-दोन ओळी खरडल्या. लॉर्नाने मात्र रविवारची अख्खी दुपार बसून, हाताने चार पानं लिहून जोडली. नावांसकट. आपल्या माणसांचं कौतुक करण्याच्या भरात तिने त्यांच्या घरातली दुखणीसुद्धा लिहून टाकली.

आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक कर्टच्या ऑफिसात गेली.

"अरे लॉर्ना! ये, ये, कॉफी घेतेस?"

"माझी पानं तू त्यांना दिलीस?"

"म्हणजे काय, त्यासाठीच तर होती." कर्टचं हसू तसूभरही ढळलं नाही. "तू आमची भागीदार आहेस. शुक्रवारी स्टेजवर तुझी खुर्ची आहे, पहिल्या रांगेत."

"भागीदार? दोन वर्षांपूर्वी मी याच खुर्चीत बसून तुला सांगत होते, एक वर्ष कर माफ करा, मला माझ्या माणसांना चांगला विमा घेऊन द्यायचाय. काय म्हणालास तू?"

"नियम आहे गं. पन्नासच्या खाली माणसं असली की बसत नाही. मी केलाय का नियम?"

"मग कुणी केला, माझ्या आजीने?"

कर्ट खळखळून हसला. त्याला तो विनोदच वाटला. या गावात आवाज चढल्याशिवाय भांडण कुणाला ओळखू येत नाही आणि आवाज कुणी चढवत नाही. लॉर्नानेही चढवला नाही. याचाच तिला परतताना वाटभर संताप येत राहिला.

शुक्रवारी ती गेली आणि स्टेजवर आपल्या खुर्चीत बसली. का गेली, तर बोलावलं होतं म्हणून. शाळेचा बँड वाजला, हॅमची सँडविचं वाटली गेली, निम्मं गाव समोर घडीच्या खुर्च्यांवर बसलं. वेंडेल आणि बाकीचे तिघं कंपनीची नवी निळी जाकिटं घालून पुढेच होते, वेंडेलशेजारी जॅनिस. कंपनीकडून आलेले प्रेस्टन नावाचे गृहस्थ माइकसमोर उभे राहिले.

"तेवीस गावांनी आम्हाला फॉर्म पाठवले. सगळीकडे आकडेच आकडे. एका गावातून मात्र एका बाईंची हाताने लिहिलेली चार पानं आली. ती वाचली आणि मी म्हणालो, शोध संपला. मिस कुबिचेक, उभ्या राहा बघू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक कौतुकाने तिच्याकडे बघू लागले. प्रेस्टननी माइक तिच्यापुढे धरला आणि लॉर्नाच्या तोंडून, पन्नास वर्षांच्या सवयीने, शब्द आले, "थँक यू."

आपलाच आवाज भोंग्यातून ऐकून तिचं रक्त उसळलं. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. तिने प्रेस्टनच्या हातातून माइक ओढून घेतला.

"नाही. थँक यू म्हटलं ते मी परत घेते."

टाळ्या विरल्या.

"वेंडेल, तुझ्या घरातली गोष्ट मी परक्यांना लिहून दिली. तुला न विचारता. चूक माझी. पण जॅनिसच्या औषधासाठी मी आधी या कर्टकडे गेले होते. तो म्हणाला, नियमात बसत नाही. या साहेबांना मात्र पंधरा वर्षं माफ! त्यांचं नाव माहीत नव्हतं तेव्हा माफ! म्हणजे ते औषध कंपनी देत नाहीये, लोकहो. तुम्ही देताय. मी देतेय. वर माझं वर्कशॉपही देतेय."

"लॉर्ना, बस कर आता," कर्ट दातांतल्या दातांत म्हणाला. "पाहुणे आहेत."

"पाहुणे गेले खड्ड्यात!"

असं वाक्य ड्रेसेलमध्ये माइकवरून कुणी बोललं नव्हतं. समोरच्या पहिल्या रांगेत जॅनिसने तोंडावर हात धरला. वेंडेल उठून उभा राहिला, आणि क्षणभर लॉर्नाला वाटलं, तो आता ते निळं जाकीट काढून फेकणार.

त्याने नकारार्थी मान हलवली, जॅनिसचा हात धरला, आणि पुन्हा खाली बसला.