भाऊजींचे सोपे उपाय

माझ्या धाकट्या दिरांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, असं मी कधी पाहिलं नाही. उत्तर बरोबर असतं असं मी म्हणत नाहीये. येतं, एवढंच. नळ ठिबकतोय म्हणा, फोन तापतोय म्हणा, पोट सुटलंय म्हणा. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊजी "सोपं आहे" म्हणून मोकळे. पूर्वी हे फक्त आम्हा घरच्यांना सोसावं लागायचं. मग त्यांनी विमा कंपनीतली नोकरी सोडली, घरगुती उपायांचे व्हिडिओ करायला घेतले आणि आमच्या सोसण्याला भागीदार मिळाले. चॅनेलचं नावही त्यांनी 'सोपं आहे' असंच ठेवलं.

आमच्याकडे ते राहायला आले, त्यामागेही एक सोपा उपायच होता. त्यांच्या घरातलं सिंक तुंबलं. भाऊजींनी त्यात सोडा आणि व्हिनेगर ओतलं, फेस आला, त्या फेसाचं चित्रीकरण झालं, आणि सिंक होतं तसं तुंबलेलंच राहिलं. मग त्यांनी खालचा पाइप उघडला. उघडता येणं आणि परत बसवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यांना खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने वर येऊन सांगितलं. शेजाऱ्याचं कपड्यांचं कपाट बरोबर त्या सिंकच्या खाली होतं. माझी जाऊ शहाणी. तिने बॅग भरली, बहिणीकडे गेली आणि जाताना म्हणाली, "प्लंबर येऊन गेला की कळवा, मगच येईन." भाऊजींनीही बॅग भरली. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि फोन उभा करायची तिवई, चित्रीकरणाचा गोल दिवा, वायरी असलंच जास्त होतं.

आल्या दिवसापासून ते आमचं घर दुरुस्त करायला लागले. आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना थोडं थरथरायचं. भाऊजींनी त्याच्या पायांखाली जुन्या चपलांचे तुकडे कापून घातले. त्यानंतर मशीन थरथरायचं थांबलं आणि चालायला लागलं. एकदा न्हाणीघराच्या दारात येऊन अडकलं आणि आत माझा नवरा. इंटरनेट जोरात यावं म्हणून राउटरच्या मागे त्यांनी पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद उभा केला, तेव्हा बैठकखोलीत जे थोडंफार यायचं तेही बंद पडलं. मी काही बोलायला गेले की नवरा म्हणायचा, "राहू दे ना, तेवढंच त्याला बरं वाटतं." एका माणसाला बरं वाटावं म्हणून आमच्या घरातल्या किती वस्तूंनी जीव द्यायचा, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

वस्तूंचं एक वेळ सोडून देऊ. पण आमच्याकडे सासूबाईही होत्या.

सासूबाईंनी उभा जन्म शाळेचे गणवेश शिवले. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा, वर नाही. एक फिजिओथेरपिस्ट बाई त्यांना बघत होती. तिने साधे व्यायाम दिले होते: भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखलं की थांबायचं. सासूबाई रोज जेवणाआधी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. फरक हळूहळू पडत होता, पण पडत होता.

भाऊजींनी ते एकदा पाहिलं आणि हसले. "आई, हे काय मुंग्यांसारखं? सोपं आहे. दुखलं तरच समजायचं की काम होतंय." त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि आईच्या हातात दिल्या. म्हणे त्या धरून हात गोल फिरवायचे, मग टॉवेल पाठीमागून ताणायचा.

मी म्हटलं, "भाऊजी, डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुखलं की थांबायला सांगितलंय."

"वहिनी, त्यांना पेशंट महिनोन्महिने यायला हवा असतो. बरा झाला तर येईल कशाला?"

मला वाटलं, तेवढ्यावर विषय संपला. मी सकाळी दुकानात जाते, संध्याकाळी येते. दुपारी घरात काय चालायचं ते मला दिसायचं नाही.

पुढे पुढे जेवताना सासूबाई चमचा डाव्या हातात धरायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "झोपेत अवघडला असेल." एकदा सकाळी त्या पलंगाच्या कडेला कंगवा मांडीवर ठेवून नुसत्याच बसलेल्या दिसल्या. मी केस विंचरून दिले. त्या मान खाली घालून बसल्या होत्या, आणि माझा हात खांद्याला लागला तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला. तरी म्हणाल्या, "काही नाही गं."

मी चष्म्याच्या दुकानात काचा कापून फ्रेममध्ये बसवते. तिथे डोळे तपासणारी माझी मैत्रीण एका दुपारी फोन घेऊन आली. "या तुझ्या सासूबाई ना? काय सुरेख हात वर जातो गं त्यांचा."

व्हिडिओचं नाव होतं 'आखडलेला खांदा, सोपा उपाय'. आधी भाऊजींनी त्या बाटल्या नि टॉवेल समजावून सांगितले होते, मग आईचा हात दाखवला होता. सासूबाई आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि उजवा हात सरळ वर नेत होत्या. कान ओलांडून, डोक्याच्याही वर. खाली लोकांनी आजींना हृदयं पाठवली होती. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग काहीतरी खटकलं. दिवसभर डावी काच, उजवी काच करणाऱ्या माणसाला ते खटकतंच. आमची खिडकी ओट्याच्या डावीकडे आहे. फोनमध्ये ती उजवीकडे होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे होते. भाऊजींनी आईला डावा, धडधाकट हात वर करायला लावला होता आणि मग अख्खं चित्र पालटून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी विचारलं, "भाऊजी, आमची खिडकी कधी हलवलीत?"

त्यांना लगेच कळलं. तेवढे ते हुशार आहेत. "वहिनी, त्याला सादरीकरण म्हणतात. लोकांना आशा लागते. हात शेवटी हातच आहे, डावा काय नि उजवा काय."

"मग तुम्ही दुखऱ्या दाताच्या शेजारचा उपटून घ्या कधीतरी."

नवरा ताटाकडे बघत राहिला. ताटात बघण्यासारखं काही नव्हतं.

नंतर मी सासूबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. तो म्हणाला, हा हात वर कर. मी केला." चादरीची घडी त्या एका हाताने सारखी करत होत्या. "नोकरीत त्याला कुणी काही विचारत नव्हतं गं. घरातही नाही. आता लोक विचारतात, तर कसा उजळतो."

"आणि खांदा? त्या बाटल्या?"

"म्हातारीचा खांदा. त्याचं काय एवढं."

मला राग त्यांचाही आला. पण त्यांच्यावर रागावून दाखवण्याची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टची वेळ घेऊन टाकली, एवढंच केलं.

ती वेळ यायच्या आधी रविवार आला. भाऊजींनी आईला खुर्चीत बसवलं, गोल दिवा लावला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. लोक प्रश्न पाठवत होते, ते मोठ्याने वाचून उत्तरं देत होते. मिक्सरच्या पात्याला धार कशी लावायची, फोनमधली जागा कशी मोकळी करायची, बसून बसून सुटलेली कंबर कशी आवरायची. सगळं सोपं होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचायला घेतला. एका बाईने लिहिलं होतं: "तुमचा व्हिडिओ बघून मी माझ्या आईला बाटल्या धरायला लावल्या. आता तिचा हात उचलतच नाही. ती दुखण्याने रडते. असं किती दिवस चालतं?"

अर्ध्यात त्यांचा आवाज खाली आला, पण प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला होता. "सोपं आहे ताई," ते म्हणाले, "सुरुवातीला थोडा त्रास..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "परत वाच."

"आई, आपण पुढचा घेऊ."

"नको." त्या फोनकडे वळल्या, जणू ती बाई समोर बसली आहे. "पोरी, तुझ्या आईला आधी थांबव. त्या व्हिडिओतला हात माझा चांगला हात होता. डावा. दुखतो तो हा." आणि त्यांनी उजवा हात उचलायला घेतला. तो कमरेच्या जरा वर आला आणि तिथेच अडला. "एवढाच येतो. आधी याच्याहून वर यायचा. बाटल्यांनी गेला. तिला डॉक्टरकडे ने, आणि मी गप्प बसले म्हणून मला माफ कर."

भाऊजींनी फोन बंद करायला हात पुढे केला. तेव्हा माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये तोंड घातलं नाही, उठून त्यांचं मनगट धरलं. "बोलू दे तिला," तो म्हणाला. पण सासूबाईंचं बोलून झालं होतं. त्या उठून आत गेल्या. दोघे भाऊ तसेच मनगट धरून उभे, आणि त्यांच्यावर तो गोल दिवा.

भाऊजी त्याच संध्याकाळी गेले. दारात मला म्हणाले, "बाहेरचे डोक्यावर घेतात, घरचेच पाय ओढतात." मी त्यांची तिवई त्यांच्या हातात दिली. त्यांच्या घरातला पाइप अजून बसलेला नव्हता. तो ते स्वतः बसवणार होते म्हणे.

लाजेने तोंड लपवून बसले असतील, असं कुणाला वाटत असेल तर तो भाबडेपणा. आठवडा उलटायच्या आत नवा व्हिडिओ आला: 'माझ्या आईने मला काय शिकवलं'. त्यात ते रडले. खरंच रडले असतील, मला ठाऊक नाही. पण रडताना उजेड नीट पडेल असे बसले होते. आधीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त लोकांनी पाहिला. 'असा मुलगा सगळ्यांना मिळो,' असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मला असा एक भाऊच पुष्कळ झाला."

फिजिओथेरपिस्टने सासूबाईंचा हात तपासला आणि आम्हा दोघींना चांगलंच झापलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: गरम शेक, हात लोंबता सोडून हलके झोके, भिंत. आता हात खांद्याच्या जवळपास येतो. काही दिवस येतो, काही दिवस येत नाही.

परवा भाऊजींचा फोन आला. आईला घेऊन 'आम्ही पुन्हा एकत्र' असं काहीतरी करायचं होतं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "जेवायला ये," त्या म्हणाल्या. "तुला आवडतं ते करते. फोन मात्र घरी ठेवून ये."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी फोन ठेवला, भिंतीकडे गेल्या आणि बोटं चालवायला लागल्या. भाऊजी अजून आलेले नाहीत. व्हिडिओ रोज येतात.