लोकरीला सोडा नाही

दवाखान्याच्या धुलाईखान्यात तेव्हा एकवीस बायका होत्या आणि त्या एकवीसजणींवर एक मुकादमीण. आता तिथे घडीसुद्धा यंत्रच घालतं. तेव्हा मात्र चादर मुकादमिणीच्या हातून गेली, की रक्त कुठे सांडलं होतं हे ती चादरही विसरून जाई. "डाग हट्टी असतो. आपण दुप्पट हट्टी व्हायचं," असं ती म्हणे, आणि तिचा आवाज पार बॉयलरच्या खोलीपर्यंत जाई.

बॉयलरवर तिचा नवरा होता. पाळी सुटली की तो वाफेची शिट्टी तीनदा वाजवी. पहिल्या दोन सगळ्यांसाठी, तिसरी बायकोसाठी. अठ्ठावीस वर्षं दोघं बरोबरच घरी गेली.

मुकादमिणीची मासिक पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि अंगाने नवीनच कुरकुर सुरू केली. योनीत कोरडं वाटे, आग होई, खाज सुटे. नवऱ्याजवळ जावं तर कापल्यासारखं दुखे. आता कुठलीही तक्रार असो, मुकादमिणीच्या लेखी तिचं मूळ एकच, अस्वच्छता. तिने चादरींचा सोडा घातलेला पिवळा साबण घरी आणला आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याने आतबाहेर धुवायला लागली. आग वाढली, तसं तिने धुणंही वाढवलं. हट्टी डागच तो!

शेवटी पाठदुखीचं निमित्त करून तिने अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं.  दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याची तिसरी शिट्टी बंद झाली.

मग एका संध्याकाळी त्याने एक कागद पुढे ठेवला. "दुसऱ्या गावी नवा बॉयलर बसतोय. दोन वर्षांसाठी माणूस हवाय. शनिवारी सही करून द्यायची. जावं म्हणतोय. तुलाही मोकळं वाटेल."

सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण ती म्हणाली, "जा की. मी कुठे हात धरलाय?"

नणंद धुलाईखान्यातच कामाला होती. दुसऱ्या दिवशी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं दोघींनी धरायची, झटका द्यायचा, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं.

"वहिनी, दादाचं काय बिनसलंय गं?" नणंद जवळ येताना म्हणाली.

"तुझ्याच दादाला विचार."

"विचारलं. म्हणतो, तुझ्या वहिनीला माझा वीट आलाय."

मुकादमिणीच्या हातून चादर जमिनीवर पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती उचलायला दोघी वाकल्या, आणि तिथेच, चादरीच्या आडोशाला, तिने सगळं सांगून टाकलं.

"अगं बाई! मला वाटलं, त्याच्या घोरण्याला विटलीस."

"घोरण्याला तर पहिल्याच वर्षी विटले."

"मग चल डॉक्टरीणबाईंकडे."

"मी? त्यांच्या ॲप्रनला खळ मी घालते. त्यांच्यासमोर कपडे काढून झोपू?"

"खळ ॲप्रनला घालतेस ना? मग तूच का अशी ताठ?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाळी कधी गेली ते विचारलं. मग म्हणाल्या, "धुता कशाने?"

"आपल्या पिवळ्या साबणाने. चांगलं कढत पाणी घेऊन. दोनदा." मुकादमिणीने मान ताठ करून सांगितलं. स्वच्छतेत तिला कोण नावं ठेवणार?

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरची आपली लोकरीची शाल उचलली. "ही गेल्याच आठवड्यात तुमच्याकडून आली. ही कशाने धुतलीत?"

"लोकरीला सोडा कसा चालेल? राठ होईल की! साध्या पाण्यातून, हलक्या हाताने..." आणि मुकादमीण बोलता बोलता थांबली.

"तिथली त्वचा या शालीपेक्षा नाजूक असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी गेली की अंगातलं एक संप्रेरक कमी होतं. मग आतलं अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं. कितीतरी बायकांना होतं हे, पण सांगत कुणीच नाही. तुमच्या अंगात घाण नव्हतीच, बाई. होता तो ओलावाही साबणाने नेला."

साबण बंद. बाहेरून साधं पाणी, आत काहीही नाही. ओलावा धरून ठेवणारं जेल दोन-तीन दिवसांआड. नवऱ्याजवळ जाताना पाण्यासारखं पातळ, वंगणाचं दुसरं एक जेल, आणि घाई अजिबात नाही. एवढ्याने भागलं नाही तर संप्रेरकाचं मलम देता येईल, पण ते तपासून, विचारून. "आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी लगेच यायचं. आता हे सगळं घरी सांगा."

शेवटचं औषध सगळ्यात कडू होतं. शनिवारी सकाळी ती बॉयलरच्या खोलीत गेली. कागद त्याच्या खिशातून डोकावत होता.

"पाठ दुखत नव्हती माझी," ती म्हणाली, आणि मग एका दमात सगळं.

तो बॉयलरच्या काट्याकडे बघत ऐकत राहिला. "म्हणजे माझा वीट नाही आला?"

"वीट यायला तुम्ही सापडता कुठे? जन्म गेला या बॉयलरपाशी!"

"पाणी कमी झालं तर हा काटा दाखवतो मला. तुझ्यावर कुठे काटा बसवलाय? तोंडाने सांगायचं नाही का?"  त्याने खिशातला कागद काढला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला. "बस. उभी का?"

एक-दोन दिवसांत सगळं बरं झालं नाही. आग थांबायला काही आठवडे गेले, अंथरूण आत यायला त्याहून थोडे जास्त. मग एका दुपारी, पाळी सुटायच्या थोडं आधी, मुकादमिणीने तोच आवाज लावला.

"ज्यांची पाळी गेलीय, त्यांनी इकडे या. पिवळा साबण कोण कोण घरी नेतं?"

सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. मग एक हात वर आला. मग चार. शेवटचा हात नणंदेचा होता.

"तू पण? आणि मला शहाणपण शिकवत होतीस!"

"तू सांगेपर्यंत मलाच कुठे ठाऊक होतं, वहिनी?"

मुकादमिणीने कमरेवर हात ठेवले आणि काही न लपवता, न लाजता सगळं सांगितलं. त्या एकवीसजणींतल्या ज्या आज आहेत, त्या म्हणतात, तिने हजारो चादरी पांढऱ्याशुभ्र केल्या असतील, पण तिची मान त्या दिवशी होती तेवढी ताठ कधीच नव्हती.

बोलणं संपतंय तोच पाळी सुटल्याची शिट्टी झाली. एक, दोन, आणि लांबलचक तिसरी.

"जा बाई," नणंद म्हणाली. "आमचा दादा खोळंबलाय."

"खोळंबू दे," मुकादमीण म्हणाली. समोरची उरलेली चादर तिने टोकाला टोक लावून घडी केली, वरून हात फिरवला आणि मगच निघाली.