न पुसली जाणारी पोस्ट

ताटात गरम भात आणि डोळे मोबाईलमध्ये, हे आता कुणाच्या घरात नाही? मिरकरवाडा बंदरातल्या दर्शनचंही तेच. एलईडी दिवे लावून चोरटी मासेमारी करणाऱ्यांविरुद्ध तो मोठ्या कंपनीच्या ॲपवर लिहायचा, आणि त्याच्या पोस्ट उडवल्या जायच्या. वैतागून त्याने बंदरातल्या पोरांना ब्लॉकचेनवरच्या नव्या ॲपवर नेलं. तिथे मालक नाही, लिहिलेल्याच्या प्रती हजारो संगणकांवर राहतात. कुणाच्या बापालाही पुसता येणार नाही, असं तो छाती फुगवून सांगे.

एका पहाटे त्याला समुद्रात महिपत तांडेलांची बोट दिव्यांनी लखलखताना दिसली. त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हाच तो चोर. धक्क्याला लागला की सोडू नका.' अहो, आधी त्यांना विचारायला काय जात होतं?

बोट लागली तेव्हा धक्क्यावर जमाव उभाच होता. महिपतांना केसांना धरून खाली ओढलं, दांडक्यांनी बडवून काढलं. बर्फ फोडायच्या टोच्याने त्यांचा उजवा डोळा जागीच गेला. मग कुणीतरी बोटीतली ताडपत्री उचलली. खाली त्यांच्याच बोटीवरच्या रामा खलाशाचं प्रेत होतं. पाण्यात पडलेल्या रामाला शोधायला त्यांनी होते नव्हते तेवढे दिवे लावले होते!

दर्शनने घाईघाईने मोबाईल काढला. पोस्ट काढायला गेला, ती निघेना. दुसऱ्या बंदरातले लोक ती पुढे पाठवतच होते. त्यातल्याच कुणीतरी महिपतांच्या दारात पेटता बोळा फेकला. त्यांची बायको मालन भाजली. दर्शन तिच्यासमोर रडला. ॲपच तसं आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

मालन शांतपणे म्हणाली, "ॲपला मालक नाय, पण तुझ्या बोटांना हाय ना? इतके दिवस कंपनीच्या नावाने खडे फोडलेस. आता कुणाच्या नावाने फोडशील? पेटवलंस तू, जा, धक्क्यावरच्या लोकांसमोर उभा राहून विझव."

दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या वेळी दर्शन धक्क्यावर ओरडला, "मी खोटं लिहिलं! आपण निरपराध माणसाला मारलं!" 'आपण' म्हटलेलं कुणाला सोसलं नाही. लोक त्याच्यावर तुटून पडले. दात पडले, बरगडी मोडली. रक्ताळल्या तोंडाने मोबाईलसमोर तो तेच पुन्हा बोलला, आणि ते चित्रण त्याने स्वतः त्याच पोस्टखाली टाकलं. तेही आता कुणाला पुसता येणार नाही.

मंडळी, मालक नको म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पण मग मालकाची जबाबदारी आपल्यालाच उचलावी लागते. पाठवण्याआधी एकदा त्या माणसाला विचारा. महिपतांचा डोळा काही परत आला नाही.