मानमोडी नव्हे

मुक्तामावशींची तिसरी कोंबडी मेली, त्या सकाळी आसारामदादांनी आळीचा निकाल लावून टाकला.

"मानमोडी हाय. गुरवारी समद्या घरच्या कोंबड्या राहात्याच्या बाजारात न्यायच्या. आजारी-बरी काय बघायचं न्हाई. मागं ढिलाई केली, तवा आळीत पीस उरलं न्हवतं."

आसारामदादा मावशींचे धाकटे दीर. त्यांचा शब्द आळीत चाले, आणि रीतही तशीच होती. मानमोडीचा, म्हणजे कोंबड्यांची मान वाकडी करून मारणाऱ्या साथीचा, संशय आला की सगळ्या घरांनी एकाच दिवशी कोंबड्या काढायच्या, कारण एका घराने ठेवल्या तर रोग आळीत मुक्काम करतो. रीत वेडगळ नव्हती. मानमोडी खरोखरच तशी झपाट्याने पसरते. पण ही मानमोडीच कशावरून, हे कुणी विचारलं नव्हतं.

मावशी आत, भिंतीला टेकून बसलेल्या लेकीकडे, बनूकडे बघत होत्या.

१९७३चा, दुष्काळातला मार्च होता. पाटाचं पाणी न पोचणाऱ्या त्या गावात मी हायस्कूलला शास्त्र शिकवायचे आणि मावशींच्या पडवीलगतच्या खोलीत राहायचे. गावात टँकर येई तेव्हाच पाणी मिळे. मावशींचे यजमान सहादेवकाका गुरं घेऊन छावणीला गेले होते, त्यामुळे घरात दूध नव्हतं. बनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसत. डॉक्टरांनी रोज अंडं द्यायला सांगितलं होतं. कोंबड्या गेल्या तर त्या साली दुसरं काय द्यायचं, याला उत्तर नव्हतं. त्यातून होत्या त्या कोंबड्यांनीही अंडी घालायचं सोडलं होतं.

मी मेलेली कोंबडी उचलून पाहिली. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. तुरा फिका पडला होता.

"मावशी, ही खात होती का?"

"खात न्हाई व्हय! दोन कोंबड्यांचं एकटी खायची. कुठं जायचं कुनास ठावं."

"मान वाकडी झाली होती? हिरवं हगत होती? धापा टाकत होती?"

"न्हाई. नुसती झुरत गेली. पंख पाडून बसायची."

मानमोडी असं महिनाभर झुरवत नाही. ती दोन-चार दिवसांत आळी रिकामी करते. मी खोलीतून कात्री आणि चिमटा आणला.

"हे काय?"

"उघडून बघते."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "अवो बाई, तुमी बामनाच्या. अंड्याचं टरफल शिवत न्हाई तुमी, आन् कोंबडी फाडनार?"

"खायची नाहीये मावशी, बघायचीय."

"तुमच्या आईला कळलं तर नगरहून चालत येईल."

उकिरड्यापलीकडे फळी टाकून मी कोंबडीचं पोट उघडलं. आतडं दोरीसारखं टणक लागत होतं. उभा छेद दिला तसे आतून पांढरे, बोटाएवढे लांब जंत एकमेकांत गुंतलेले बाहेर आले. आतड्यात अन्नाला जागाच उरली नव्हती.

मावशी लांब उभ्या होत्या, त्या जवळ आल्या. वाकून बघत म्हणाल्या, "शेवया शिजवून ठेवल्यावानी दिसत्यात." मग थुंकल्या. "आता जलमात शेवया खायची न्हाई मी."

एका कोंबडीवरून बाकीच्यांचं सांगता येत नाही, म्हणून मी जिवंत कोंबड्यांची शीट शाळेत नेली. मिठाच्या दाट पाण्यात कालवून ठेवली की जंतांची अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती लंबगोल, जाड कवचाची अंडी स्वच्छ दिसली. मी आसारामदादांना बोलावून आणलं. त्यांनी टोपी काढली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं.

"काय दिसतंय?"

"माजीच पापनी."

दुपारच्या एस.टी.ने मी राहात्याला गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी मी नेलेला जंत पाहून मान हलवली आणि पायपरॅझिनची बाटली दिली. हे औषध जंत मारत नाही, त्यांना लुळं करतं, मग ते शिटेवाटे पडतात. पाण्यातून द्यायचं. कोंबड्या रात्रभर आणि सकाळी तहानलेल्या ठेवायच्या, म्हणजे औषधाचं पाणी झटकन संपतं. जंतांच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर या औषधाचा परिणाम होत नाही, त्यामुळे पोटात उरलेले आणि नव्याने गिळलेले जंत पुढे वाढतात. म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं. मी अर्धं औषध दुसऱ्या खेपेसाठी बाजूला ठेवलं.

मंगळवारी उन्हं चढल्यावर मी औषधाचं पाणी मांडलं. कोंबड्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकीने चोच बुडवली, झटकली आणि निघून गेली. तहानलेली कोंबडी अशी वागत नाही. मी घराला वळसा घातला, तर मागच्या बाजूला शेजारच्या भागूबाई आपला पितळी वाडगा कोंबड्यांसमोर धरून बसलेल्या. पाणी संपत आलं होतं.

"भागूबाई! यांना पाणी नव्हतं द्यायचं!"

"का न्हाई? पहाटपासनं आ करून फिरत्यात. म्या माज्या वाटनीचं दिलं, तुमच्या रांजनाला हात लावला न्हाई."

"औषध पाजायचं होतं. म्हणून तहानलेल्या ठेवल्या होत्या."

"असल्या सालात मुक्या जिवाला तान्हेलं ठेवायचं?" त्या उठल्या. "शाळंत हेच शिकिवता व्हय पोरान्ला?"

टँकरच्या पाण्यातला वाटा चिमण्या-कोंबड्यांना देणाऱ्या बाईला मी काय चूक म्हणणार? आणि तिला आधी सांगायला हवं होतं, हे तर उघडच होतं. पुन्हा तहानलेल्या ठेवाव्यात, तर भागूबाईच नव्हे, आळीतलं कुठलंही घर पुन्हा पाणी ठेवणार, हेही कळत होतं. आणि बाजार परवावर आला होता.

तेव्हा पाण्याचा नाद सोडला. दुसऱ्या खेपेचं औषध काढलं. किराणा दुकानातून तराजू आणून एकेक कोंबडी जोखली, वजनाप्रमाणे औषध मोजलं आणि बाजरीच्या भाकरीच्या कुस्कऱ्यात मळून गोळ्या केल्या. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या तशी मावशी एकेक धरून बाहेर काढत, मी चोच उघडून गोळी जिभेमागे सारत होते. तांबडीने माझा अंगठा फोडला.

"बनूला कधी एवढं भरिवलं न्हाई म्या," मावशी म्हणाल्या.

"खोटं न्हाई त्ये," दारातून बनू म्हणाली आणि हसली. ती हसलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

रात्री कोंबड्या वेगवेगळ्या डालग्यांखाली झाकल्या. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी पाटी. कुणाच्या पोटातून काय पडतं ते वेगळं दिसायला हवं होतं. सकाळी पहिलं डालगं उचललं तर शिटेत पांढरे जंत वळवळत होते. दुसऱ्याखालीही तेच. मावशी आसारामदादांना हाताला धरून घेऊन आल्या.

"भावजी, आता पापनी बघू नगा. हितं बघा."

दादांनी काडीने एक जंत उचलला. "हायेत. मान्य. पन जंत हायेत म्हनून मानमोडी न्हाई, हे कसं? दोनीबी असत्याल."

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना मावशींच्या न्हाणीमागे नेलं. सगळी आळी कोरडी ठणठणीत, पण तिथे सांडपाण्याने माती ओली राही आणि कडुनिंबाची सावली होती. कडक उन्हात जंतांची अंडी टिकत नाहीत. इथे टिकत. मावशींच्या कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत, म्हणून त्यांना जंत सर्वांत जास्त झाले. इतरांच्या कोंबड्याही पाण्यासाठी तिथेच येत.

"म्हणजे सगळ्या कोंबड्यांचा रोज एकमेकींशी संबंध आहे," मी म्हणाले. "मानमोडी असती, तर इतक्या दिवसांत तुमच्या अंगणात एक तरी मान वाकडी झाली असती. झालीय?"

"न्हाई," दादा म्हणाले. "आन् उद्या झाली तर?"

मी तोंड उघडलं, पण मावशी पुढे आल्या. "झाली तर माज्या हातानं समद्या पुरीन, आळी म्हनंल ते सोशीन. पन नुसत्या संशयावर बनूच्या तोंडचं अंडं मी बाजारात धाडनार न्हाई. धाकटे दीर तुमी, तुमचा शब्द आजवर मोडला न्हाई. आज मोडते."

दादा काडी टाकून निघून गेले.

गुरुवारी आळीतल्या निम्म्या कोंबड्या बाजारात गेल्या. दादांनीही सायकलच्या दांडीला आपल्या कोंबड्या उलट्या टांगल्या होत्या. मावशी खुराड्याला पाठ लावून उभ्या होत्या. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, दांडीवरच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, सोडल्या आणि मावशींच्या पायाशी ठेवल्या.

"ह्यास्नीबी पाजा त्ये," म्हणाले आणि पायडल मारलं.

त्या दिवशी आम्ही खुराडं खरवडलं, न्हाणीमागची ओली माती काढून लांब पुरली आणि तिथे दगड बसवून चुना टाकला. पाण्याचं भांडं उन्हात, उंच दगडावर ठेवलं. ते भरायचं काम भागूबाईंनी मागून घेतलं.

एका कोंबडीला औषध पोचायला उशीर झाला होता, ती मेली. मान कुणाचीच वाकडी झाली नाही. एप्रिल लागल्यावर तांबडीने पहिलं अंडं दिलं. बनूने ते उकडून, मीठ लावून, उंबऱ्यात बसून खाल्लं. मावशी ती खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा शीट तपासली आणि राहात्याहून आणलेली नवी बाटली घेऊन अंगणात आले.

"का वो बाई? बऱ्या झाल्या की समद्या."

"नाही मावशी. जंत कमी झालेत, पण आहेत अजून."

मावशींनी पदर खोचला. "मग हुब्या का? तांबडी मी धरते. तुमी अंगठा जपा."